डायनासोर लघुग्रहामुळेच संपले का? चिक्शुलूबची पूर्ण गोष्ट

'पृथ्वीच्या दिशेने येतोय विमानाएवढा लघुग्रह!' अशा मथळ्याचं नोटिफिकेशन अधूनमधून तुमच्याही फोनवर येत असेल. सोबत हमखास एक चित्र असतं, आगीचा गोळा आणि वर मान करून बघणारा टी-रेक्स. बातमीतला लघुग्रह बहुतेक वेळा चंद्रापेक्षाही लांबून निघून जातो आणि आपणही स्वाइप करून पुढे जातो. त्या चित्रातली गोष्ट मात्र खरी आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असा एक दगड खरंच पडला आणि त्या काळात पृथ्वीवरच्या दर चार प्रजातींपैकी जवळपास तीन कायमच्या संपल्या.

पण तेव्हा बघायला माणूस नव्हता, मग हे कळलं कसं? दगड मेक्सिकोत पडला तर जगाच्या दुसऱ्या टोकाचे प्राणी का मेले? आणि या खटल्यात दुसरा आरोपी म्हणून आपल्या सह्याद्रीचं नाव वारंवार का घेतलं जातं? हेच या लेखात बघूया.

त्याआधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगड किंवा धातूचा गोळा. त्यातले बहुतेक मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात असतात. असा एखादा तुकडा आपल्या वातावरणात शिरून जळताना दिसतो ती उल्का, आणि जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. सामूहिक विलोपन म्हणजे फक्त खूप प्राणी मरणं नव्हे. प्रजाती एरवीही संपतच असतात. पण भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने अगदी थोड्या काळात बहुसंख्य प्रजाती जगभरातून नाहीशा झाल्या, तरच त्याला हे नाव देतात. गेल्या ५० कोटींहून जास्त वर्षांत अशी पाच मोठी विलोपनं मोजली जातात. डायनासोरांचं त्यातलं शेवटचं.

एक सेंटीमीटर माती

या तपासाची सुरुवात डायनासोरच्या हाडापासून झालीच नाही. ती झाली इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळच्या एका दरीत. १९७० च्या दशकात वॉल्टर अल्वारेझ हा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ तिथल्या चुनखडीचे थर अभ्यासत होता. चुनखडी एकेकाळच्या समुद्राच्या तळाची. त्यात फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म समुद्री जीवांची कवचं खच्चून भरलेली. एका ठिकाणी मात्र साधारण एक सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा थर होता. त्याच्या खाली मोठी, नक्षीदार कवचं आणि वर अचानक जवळजवळ काहीच नाही, फक्त बारीकसारीक मोजकी. हा थर बरोबर डायनासोर संपले त्या काळातला.

वॉल्टरला एवढंच जाणून घ्यायचं होतं की ही माती साचायला किती वर्षं लागली. त्याने वडिलांना विचारलं. वडील म्हणजे लुईस अल्वारेझ, १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. त्यांनी युक्ती सुचवली ती इरिडियमची. हा जड धातू पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत होती तेव्हा लोखंडाबरोबर गाभ्यात गेला, म्हणून वरच्या खडकांत तो फारच दुर्मीळ. पण अवकाशातून सतत पडणाऱ्या धुळीत तो असतो. ही धूळ ठरावीक वेगाने पडत असेल, तर इरिडियम मोजा आणि काळ काढा. थोडक्यात, घड्याळ म्हणून इरिडियम.

फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या दोन रसायनशास्त्रज्ञांनी मोजमाप केलं आणि घड्याळाची कल्पनाच बाद झाली. त्या थरात इरिडियम आजूबाजूच्या खडकांच्या सुमारे ३० पट होतं. डेन्मार्कमधल्या त्याच काळाच्या थरात तर १६० पट. एवढं इरिडियम रोजच्या धुळीतून येऊच शकत नाही. १९८० साली या चौघांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की हे एका लघुग्रहाचं आहे. जगभर पसरलेल्या इरिडियमवरून त्यांनी त्याचा आकारही काढला, सुमारे १० किलोमीटर. म्हणजे एव्हरेस्टपेक्षा उंच दगड.

मला या गोष्टीतली सगळ्यात आवडणारी बाब हीच. शोध घ्यायचा होता वेळेचा आणि सापडला मारेकरी.

विवर आधीच सापडलं होतं

अनेक जीवाश्मशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता. एवढा दगड पडला असेल, तर खड्डा कुठे आहे?

गंमत म्हणजे खड्डा तेव्हा एका तेल कंपनीच्या नकाशात होता. १९७८ साली ग्लेन पेनफिल्ड हा भूभौतिकशास्त्रज्ञ मेक्सिकोच्या सरकारी पेमेक्स कंपनीसाठी युकातान द्वीपकल्पाजवळच्या समुद्राचं चुंबकीय सर्वेक्षण करत होता. त्याला पाण्याखाली एक प्रचंड कमान दिसली. जमिनीवरच्या जुन्या गुरुत्वाकर्षण नकाशात तशीच उलटी कमान होती. दोन्ही जोडल्यावर पूर्ण वर्तुळ! १९८१ मध्ये त्याने आणि अंतोनियो कामार्गो यांनी ते एका परिषदेत मांडलं, ह्यूस्टनच्या एका वर्तमानपत्रात बातमीही आली. पण विवर शोधणाऱ्यांपर्यंत ती पोचलीच नाही. शेवटी १९९० मध्ये त्याच बातमीदाराने ॲलन हिल्डेब्रँड या संशोधकाला पेनफिल्डबद्दल सांगितलं. पेमेक्सने तेलासाठी खोदलेल्या जुन्या विहिरींचे नमुने तपासले, तेव्हा त्यात आडव्यातिडव्या समांतर रेषा पडलेले क्वार्ट्झचे कण मिळाले. असे कण ज्वालामुखीत तयार होत नाहीत. त्यासाठी अशनीच्या आघाताइतका प्रचंड दाब लागतो. १९९१ मध्ये शोधनिबंध आला आणि विवराला जवळच्या गावाचं नाव मिळालं, चिक्शुलूब.

व्यास सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे सरळ रेषेतल्या अंतराच्या दीडपट. ते शेकडो मीटर गाळाखाली पुरलेलं असल्यामुळे सॅटेलाइट व्ह्यूमध्ये थेट दिसत नाही. पण जमिनीवर त्याच्या कडेकडेने सेनोते नावाच्या नैसर्गिक खोल विहिरींची एक कमान आहे. मेक्सिकोतल्या मेरिडा शहराच्या आसपास नकाशा झूम करून बघा, त्या सापडतील.

त्या दिवशी

दगडाचा वेग सेकंदाला सुमारे २० किलोमीटर धरतात. या वेगाने मुंबईहून पुण्याला पोचायला आठ सेकंदसुद्धा लागणार नाहीत. तो उथळ समुद्रावर आपटला आणि काही मिनिटांत कवचात वीसेक किलोमीटरहून खोल खड्डा पडला. इतक्या ताकदीपुढे खडक पातळ पदार्थासारखा वागतो. दुधात थेंब पडल्यावर मधून जसा एक ठिपका वर उसळतो, तसा खोलवरचा ग्रॅनाइट वर उसळला आणि कोसळून त्याची गोल रांग झाली. २०१६ मध्ये समुद्रात तळखांब रोवून उभ्या केलेल्या जहाजावरून शास्त्रज्ञांनी नेमकी हीच रांग खोदली. सुमारे १,३०० मीटर खोलीपर्यंतचे नमुने बाहेर काढले. त्यात वितळलेला खडक, त्सुनामीने परत आणून टाकलेला गाळ आणि जळक्या लाकडाचा कोळसा मिळाला. त्यातला सुमारे १३० मीटरचा थर एकाच दिवसात साचलेला होता. पृथ्वीच्या इतिहासाचा एक दिवस इतका जाड क्वचितच वाचायला मिळतो.

तिथून सुमारे ३,००० किलोमीटरवर, अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यात टॅनिस नावाची जागा आहे. तिथे एका प्राचीन नदीतले मासे एकावर एक गाडले गेलेले सापडले. त्यांच्या कल्ल्यांत आघाताने उडालेल्या वितळलेल्या खडकाचे बारीक काचमणी अडकले होते. म्हणजे मणी वरून पडत होते आणि मासे तेव्हा श्वास घेत होते. या माशांच्या हाडांत झाडांसारखी वाढीची वलयं असतात. ती वाचून २०२२ मध्ये संशोधकांनी ऋतूही सांगितला. उत्तर गोलार्धात तेव्हा वसंत होता.

खरा मारेकरी अंधार

आता मूळ प्रश्न. स्फोट, आग, त्सुनामी यांनी अमेरिका खंडातले प्राणी मेले हे समजतं. पण मंगोलियातले, भारतातले का?

कारण दगड जिथे पडला ती जागा. युकातानच्या तळाशी चुनखडी आणि जिप्समचे जाड थर होते. जिप्सममध्ये गंधक असतं. २०१६ च्या नमुन्यांत आजूबाजूचे सगळे खडक मिळाले, पण गंधक असलेले खडक जवळपास नव्हतेच. ते सगळं वाफ होऊन वर गेलं होतं. गंधक उंच वातावरणात गेलं की त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते सूर्यप्रकाश परत पाठवतात. त्यात जळालेल्या जंगलांची काजळी आणि खडकाची पिठासारखी धूळ मिसळली. २०२३ मधल्या एका कॉम्प्युटर मॉडेलनुसार प्रकाशसंश्लेषण जवळपास दोन वर्षं बंद पडलं असावं आणि जगाचं तापमान १५ अंशांपर्यंत उतरलं असावं.

हे जरा आपल्या भाषेत समजून घेऊया. दोन वर्षं शेतात काहीच उगवलं नाही तर काय होईल? वनस्पती गेल्या की त्या खाणारे गेले, आणि त्यांना खाणारे त्यांच्या मागोमाग. समुद्रात तरंगणारी सूक्ष्म शेवाळं मेली, म्हणून अमोनाइट संपले आणि मोसासॉरसारखे महाकाय सरपटणारे प्राणीही. जमिनीवर मगरींसारखे अपवाद सोडले तर २५ किलोपेक्षा जड प्राणी जवळजवळ उरलेच नाहीत. वाचले कोण? लहान, बिळात राहणारे, कमी खाण्यावर भागवणारे. मगरी आणि कासवं महिनोन्महिने उपाशी राहू शकतात. गोड्या पाण्यातल्या जीवांची साखळी कुजलेल्या पानांवरही चालते, म्हणून तिथलं नुकसान तुलनेने कमी. काही पक्षी वाचले, बहुधा चोचीने जमिनीतलं बी टिपून खाणारे. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, त्यामुळे 'डायनासोर पूर्ण संपले' हे वाक्य तसं चूकच आहे. खिडकीतलं कबूतर ऐकून घेणार नाही.

अनेक ठिकाणी इरिडियमच्या थराच्या लगेच वर नेच्यांचे बीजाणू प्रचंड प्रमाणात सापडतात. उजाड जमिनीवर आधी नेचे येतात, आजही लाव्हा थंड झाल्यावर हेच दिसतं.

जागेच्या या मुद्द्यावर २०१७ मध्ये दोन जपानी संशोधकांनी हिशेब मांडला. त्यांच्या मते इतका अनर्थ घडवण्याइतकं काजळी होणारं द्रव्य पृथ्वीच्या फक्त १३ टक्के पृष्ठभागाखाली होतं. हे एक मॉडेल आहे, अंतिम निकाल नव्हे. तरी पृथ्वी फिरत असते हे लक्षात घ्या. हाच दगड काही तास मागेपुढे झाला असता, तर खोल समुद्रात पडला असता. तेव्हा उंदराएवढे असलेले सस्तन प्राणी मग किती काळ उंदराएवढेच राहिले असते, कोण जाणे.

दुसरा आरोपी: सह्याद्री

रायगड, हरिश्चंद्रगड, महाबळेश्वरचं पठार, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो खडक, हे सगळं एकाच काळ्या दगडाचं आहे. हा बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. घाटात बसच्या खिडकीतून डोंगराच्या आडव्या पायऱ्या दिसतात ना, तेच हे थर. भूगर्भशास्त्रात याला 'डेक्कन ट्रॅप्स' म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आला. आज ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेत आणि पश्चिम घाटात त्यांची जाडी २ किलोमीटरपर्यंत जाते.

अडचण अशी की हे उद्रेकही बरोबर ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचेच. लाव्हाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू बाहेर पडतात. त्यामुळे गेर्टा केलर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं ठामपणे मांडलं की डायनासोर मारले ते लघुग्रहाने नव्हे, दख्खनने. हा वाद चांगलाच कडवट झाला.

निकाल लावायला लाव्हाचं अचूक वय हवं होतं. २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी ते काढलं. एका गटाच्या मते बहुतेक लाव्हा आघातानंतर आला. दुसऱ्याच्या मते उद्रेक चार मोठ्या टप्प्यांत झाले आणि त्यातला एक आघाताच्या थोडा आधी. दोघांत एक गोष्ट समान आहे. उद्रेक लाखो वर्षं चालले आणि विलोपन मात्र त्यातल्या एका क्षणी झालं. २०२० मध्ये समुद्रतळाच्या नमुन्यांवरून असंही दिसलं की ज्वालामुखीमुळे झालेली तापमानवाढ विलोपनाच्या बरीच आधी होऊन ओसरलीही होती.

आणखी एक साक्ष जमिनीतच आहे. कच्छमधल्या अंजारजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात डायनासोरांचे अवशेष मिळालेत. म्हणजे एक उद्रेक होऊन गेल्यावरही ते तिथे नांदत होते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा हे गाव तर लाव्हाखालच्या थरातल्या डायनासोरांच्या हाडांसाठी आणि दगड झालेल्या शेणासाठी जगभर माहीत आहे. त्याच शेणात २००५ मध्ये गवताचे अवशेष सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं हा समज मोडला.

माझं मत विचाराल तर दख्खनला मुख्य आरोपी म्हणता येत नाही. आधीच दमलेल्या जगावर त्याने थोडा भार टाकला असेल. उलट एक शक्यता अशीही मांडली गेली आहे की आघाताच्या हादऱ्यानेच दख्खनचे उद्रेक वाढले. ती अजून सिद्ध झालेली नाही.

मग बाकीची चार विलोपनं?

इथे बरेच व्हिडिओ घसरतात. एक विलोपन लघुग्रहाचं निघालं म्हणून सगळीच तशी असतील, असं नाही. सगळ्यात भीषण विलोपन २५.२ कोटी वर्षांपूर्वीचं. समुद्रातल्या बहुसंख्य प्रजाती त्यात गेल्या. त्याचा संबंध सायबेरियातल्या लाव्हा उद्रेकांशी लागतो. २०.१ कोटी वर्षांपूर्वीचं विलोपन अटलांटिक महासागर उघडतानाच्या उद्रेकांशी जोडलं जातं. ४४.५ कोटी वर्षांपूर्वीचं हिमयुगाशी. डेव्होनियन काळातल्या विलोपनाची कारणं गुंतागुंतीची आहेत. या चारपैकी एकाचाही लघुग्रहाशी चिक्शुलूबसारखा पक्का पुरावा नाही.

उलटंही खरं आहे. कॅनडातलं मॅनिक्वागन विवर जवळपास १०० किलोमीटरचं, रशियातलं पोपिगाय तेवढंच. दोन्ही आघात भयानक होते, पण त्यांच्या वेळी मोठं विलोपन झालेलं दिसत नाही. मोठा दगड पुरत नाही. तो चुकीच्या जागी पडावा लागतो.

आपल्या लोणारचंही तेच. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्टमध्ये अशनीमुळे तयार झालेलं. २०११ मधल्या मापनानुसार त्याचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. काही रील्समध्ये 'लोणारच्या उल्केने डायनासोर मेले' असं सांगतात. पण तो दगड पडला तेव्हा डायनासोर जाऊन साडेसहा कोटी वर्षं झाली होती! दुसरा फिरणारा दावा म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातलं 'शिव' विवर. शंकर चॅटर्जी या जीवाश्मशास्त्रज्ञांनी तो खरोखर मांडलाय, पण रेषा पडलेल्या क्वार्ट्झसारखा ठोस पुरावा नसल्याने बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ तो मानत नाहीत.

आज धोका किती?

एक किलोमीटरपेक्षा मोठे, पृथ्वीजवळ येणारे लघुग्रह ९० टक्क्यांहून जास्त सापडले आहेत आणि पुढच्या शतकात त्यातला कोणीही धडकणार नाही. काळजी लहानांची आहे. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड फक्त २० मीटरचा होता, तो कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसला नव्हता. सुमारे १,५०० लोक जखमी झाले, बरेचसे खिडकीच्या काचांनी. प्रकाश दिसला म्हणून ते खिडकीपाशी गेले आणि मागून आवाजाची लाट आली. प्रखर झोत दिसला तर खिडकीपासून लांब व्हा.

बातमीत 'संभाव्य धोकादायक' असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की दगड साधारण १४० मीटरपेक्षा मोठा आहे आणि त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते. २०२५ च्या सुरुवातीला '२०२४ वायआर४' या लघुग्रहाची २०३२ मध्ये धडकण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती. आणखी निरीक्षणं मिळाल्यावर ती जवळपास शून्यावर आली. अशी बातमी आली की आधी नासाच्या 'आइज ऑन ॲस्टरॉइड्स' या पानावर त्या दगडाचं नाव टाकून बघा. ते फोनच्या ब्राउझरमध्ये चालतं आणि पृथ्वीपासूनचं खरं अंतर दाखवतं.

आणि दगड खरंच येत असेल तर? २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं 'डार्ट' यान सुमारे १६० मीटरच्या डिमॉर्फस या दगडावर मुद्दाम आदळवलं. तो एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. डायनासोरांकडे नसलेली ही सोय आपल्याकडे आहे, फक्त ती वापरायला दगड काही वर्षं आधी दिसायला हवा.

एक तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे तीनच्या सुमारास अपोफिस हा ३५० मीटरच्या आसपासचा लघुग्रह जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. टीव्हीचे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतात, हा त्यांच्याही आतून. धडकणार नाही, हे रडारच्या मोजमापांवरून पक्कं झालंय. जगाच्या काही भागांतून तो दुर्बिणीशिवाय, ताऱ्यांमधून सरकणाऱ्या एका ठिपक्यासारखा दिसेल.